बंड्यापासून घ्यावयाचे बारा धडे

रविवार, १ सप्टेंबर १९७४. आष्टा.

आजच्या उपदेशाचा विषय धीर. पाळकसाहेब पाऊण तास बोलले. माझा धीर संपला. हे वाक्य लिहायला नको होते, पाळकावर टीका करणे पाप आहे. पण खोडत नाही. खोडणे म्हणजे लपवणे.

चर्चमधून घरी येताना एक मोठी कल्पना सुचली. माझी पत्नी सगुणा हिने पावसाळ्याच्या सुरुवातीपासून एक कुत्रा ठेवून घेतला आहे. तांबडा. आला तेव्हा बरगड्या दिसत होत्या, आता दिसत नाहीत. फाटकात आम्हाला पाहून त्याने शेपूट हलवली. सगुणाच्या मते तिला पाहून हलवली. आम्ही दोघे शेजारीच उभे होतो, तेव्हा निर्णय अवघड. पण त्या क्षणी वाटले, कुत्र्याचा धन्यावर असतो तसा विश्वास ख्रिस्ती माणसाचा देवावर हवा. यावर बारा धडे काढता येतील. मग त्यांचा एक उपदेश. आजवर मंडळीत असा विषय कोणी घेतलेला नाही.

मंडळीच्या वडिलांची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांची, एक जागा जुलैपासून रिकामी आहे. नोव्हेंबरात निवड. मला पदाची हाव नाही, हे मी स्वतःला दोनदा विचारून घेतले. पण मंडळीत बी.ए. मी एकटा. दुसरे नाव मानसिंगचे निघते. तो एस.टी. डेपोत मेकॅनिक आहे, मोठ्याने गातो आणि लोकांना हसवतो. वडिलाचे काम हसवणे नव्हे.

सोमवार, २ सप्टेंबर

पवित्र शास्त्रात कुत्र्यांचे सर्व उल्लेख शोधले. एकही बरा नाही. कुठे ती राणीला खातात, कुठे आपली ओकारी पुन्हा खातात, शेवटी तर नगराबाहेर जादूगारांच्या पंक्तीला बसवली आहेत. गरीब लाजराच्या फोडांना चाटतात तेवढेच काय ते सत्कृत्य. एका पुस्तकात तरुणाबरोबर चालत जाणारा कुत्रा आहे, पण ते पुस्तक कॅथलिक लोक मानतात, आपण नाही. ते घाईने वाचून मिटले.

सगुणा म्हणाली, मग देवालाच कुत्री आवडत नसतील. मी समजावले, की याचा अर्थ हे क्षेत्र अजून कुणी नांगरलेले नाही. ती म्हणाली, बरं, आणि भाकरी थापायला लागली.

नावाचा प्रश्न. शिमोन ठेवावे म्हटले, पण प्रेषिताचे नाव कुत्र्याला देणे बरे नाही. टॉमी ठेवावे, तर टॉमी म्हणजे थॉमस, तोही प्रेषितच. राजा ठेवावे, तर राजा एकच आहे. रात्री कळले, की सगुणाने केव्हाच बंड्या ठेवले आहे. ठीक.

गुरुवार, ५ सप्टेंबर

धडा पहिला, आज्ञापालन. शाळेतून आल्यावर अंगणात सराव. मी म्हटले, सिट. बंड्या उभा. इंग्रजी येत नसेल म्हणून म्हटले, बस. उभाच. आवाज चढवला, तर माझ्या चपलेचा वास घेऊ लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सगुणा म्हणाली, बस की रे, किती दमवतोस त्यांना. तो बसला.

माझी आज्ञा त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, असे दिसते. देवाची आज्ञाही आपल्याला उशिराच कळते. पॉइंट उत्तम. नोंदवून ठेवला.

रविवार, ८ सप्टेंबर

धडा दुसरा, संयम. बंड्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि आमची जेवणाची प्रार्थना संपेपर्यंत त्याने थांबायचे. आज मटण होते. मी डोळे मिटले. मंडळीसाठी, पाळकसाहेबांच्या घशासाठी, देशासाठी, मानसिंगच्या सद्बुद्धीसाठी मागितले. डोळे उघडले तेव्हा भाकरीचा तुकडा जागच्या जागी होता. माझ्या ताटातले मटण नव्हते.

सगुणा म्हणाली, तुम्ही देशापाशी थांबला असता तर वाचलं असतं.

म्हणजे ती डोळे उघडे ठेवून होती. त्याबद्दल तिला बोललो. मग बंड्याला छडी मारली. पिता प्रेमापोटीच शिक्षा करतो. पहिल्या छडीला तो ओरडला, नंतर जमिनीला चिकटून पडला. छडी शाळेची होती. शाळेची वस्तू घरच्या कामाला वापरली, ही टोचणी संध्याकाळभर राहिली. उद्या ती परत ठेवून हेडमास्तरांना सांगायचे.

सगुणा रात्री जेवली नाही. आम्लपित्त असावे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

धडा तिसरा, उपास. दर शुक्रवारी बंड्याला अन्न नाही. हौदाजवळ बांधून ठेवला. मीही उपास करणार होतो, परंतु शाळेत आठ तास उभे राहून शिकवायचे असते, आणि माझ्या वडिलांच्या चुलत्यांना मधुमेह होता. फक्त पोहे घेतले. दोनदा.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

विलक्षण गोष्ट. तीन शुक्रवार उपास घडून बंड्या गुटगुटीत झाला आहे. अंगावर तुकतुकी. दानिएल आणि त्याचे मित्र राजाचे पक्वान्न नाकारून केवळ डाळींवर राहिले आणि सगळ्यांहून धष्टपुष्ट दिसले, तसेच हे. हा उपदेशाचा मध्यबिंदू होणार.

फाटकातून जाणाऱ्या बनाबाईंना बोलावून दाखवला. बनाबाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या जुन्या नर्सबाई, आता एकट्याच चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. त्या म्हणाल्या, मास्तर, उपासानं कुत्रं फुगतं व्हय? आवं मग आमास्नीबी सांगायचं की, निम्मं आष्टं जाड झालं आसतं. असे म्हणून सगुणाकडे बघत राहिल्या. सगुणा धुणे पिळत होती.

त्यांना विषयात रस वाटला, हे महत्त्वाचे.

(महिन्याची ज्वारी या वेळी लवकर संपली. उंदीर.)

सोमवार, ७ ऑक्टोबर

धडा पाचवा, जागरूकता. काल रात्री बंड्याला फाटकाशी बांधले, पहाऱ्यावर. पाऊस आला. परतीचा पाऊस असा अचानकच येतो, माझा दोष नाही. बराच वेळ भुंकणे ऐकू येत होते, म्हणजे जागरूक होता. मग आवाज थांबला. मी समाधानाने झोपलो.

सकाळी पाहतो तो फाटकाशी नुसती दोरी. कुरतडलेली नाही, गाठ नीट सोडलेली. बंड्या चुलीशेजारी माझ्या शालीत. कुत्र्याला गाठ सोडता येते, हे मला माहीत नव्हते. प्राण्यांच्या बुद्धीबद्दल एक परिच्छेद वाढवावा लागेल.

सगुणा हल्ली स्वयंपाकघरातच अंथरूण टाकते. चुलीची ऊब असते म्हणे.

रविवार, २० ऑक्टोबर

मिळाला. सुगीच्या सणाचा उपदेश मला मिळाला.

पाळकसाहेब म्हणाले, माझा घसा बसलाय, मानसिंगला विचारलं, तो म्हणाला मला लिलाव करायचाय, दोन्ही झेपत नाही, तेव्हा तुम्हीच करा. मानसिंगने माघार घेतली, असा मी याचा अर्थ घेतो.

सुगीच्या सणाला जो तो आपल्या उत्पन्नातला पहिला वाटा आणतो. धान्य, भोपळे, कोंबड्या, काही असो, चर्चमध्ये मेजापुढे ठेवायचे. त्यावर प्रार्थना होऊन सर्वांनी आमेन म्हटले, की ते देवाचे. मग तिथेच लिलाव. बाजारचे लोकही बोली करायला येतात. देणाऱ्यालाही बोली करता येते. पुष्कळदा एखाद्या गरिबाची वस्तू दुसरा लिलावात घेतो आणि त्याच्याच दारात नेऊन ठेवतो. गेल्या वर्षी मानसिंगने बनाबाईंची कोंबडी अशीच घेऊन त्यांच्या अंगणात सोडली. लोकांनी त्याचे फार कौतुक केले. कौतुकासाठी करणारे असतातच.

माझी योजना. बंड्याला सर्व मंडळीसमोर मेजापुढे बसवायचे. अब्राहामाने आपला लाडका मुलगा वेदीवर ठेवला, ते सांगायचे. मग मी दाराशी जाऊन हाक मारणार. बंड्या कोंबड्या, अंडी, सगळा मोह सोडून माझ्याकडे येणार. यापुढे शब्दांची गरज नाही.

सगुणाला सांगितले. ती म्हणाली, आणि नाही आला तर? मी म्हटले, हाच तो अविश्वास.

रविवार, १० नोव्हेंबर

दुपारी रिकाम्या चर्चमध्ये रिहर्सल. बंड्याने व्यासपीठाच्या पायाशी पाय वर केला. माझ्या रुमालाने पुसले. रुमाल पुरला नाही. पाळकसाहेबांना सांगावे का, यावर तासभर विचार केला. त्यांचा घसा दुखत असताना त्यांना त्रास देणे योग्य नव्हे. हाक मारल्यावर बंड्या आला नाही, कारण चर्च रिकामे होते. भरलेले असेल तेव्हा येईल.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

रविवारपर्यंत बंड्याला उपाशी ठेवणार. भुकेला असला की खिशातल्या बकऱ्याच्या काळजाच्या वासाने माझ्याकडेच येईल. उद्या खाटकाला सांगून ठेवायचे. ही लबाडी आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. देवानेही इस्राएलाला आधी भूक लावली आणि मग आकाशातून मान्ना खायला दिला. तेव्हा नाही.

क्रौर्य आहे का, याचाही विचार केला. अब्राहामाने मुलाला तीन दिवस डोंगराकडे चालवले. वाटेत त्याला जेवण दिल्याचा उल्लेख नाही.

लाकडाच्या खोपीत कोंडून कुलूप लावले. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. ही उपमा हिंदू झाली. पण किल्ली गळ्यातच बरी.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सगुणाने तीनदा किल्ली मागितली. शेवटी म्हणाली, अहो, तो रडतोय. मी म्हटले, उद्या दुपारी तो सबंध मंडळीत प्रसिद्ध होईल. ती म्हणाली, त्याला काय करायचंय प्रसिद्ध होऊन.

मग दुपारभर खोपीच्या दाराशी बसून त्याच्याशी बोलत होती. माझ्याशी ती इतके बोललेली मला आठवत नाही. चहाच्या वेळी पाहिले, दाराच्या फळीत फट आहे आणि फटीतून भाकरी आत जाते. फळीवर पट्टी ठोकली. हातोडी बोटावर बसली. तिने तेल आणून दिले.

रविवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळ.

सविस्तर लिहिणे कर्तव्य आहे.

चर्च भरलेले. मेजापुढे ज्वारीची कणसे, शेंगा, ऊस, भोपळे, टोपलीभर अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. दारात लिलावासाठी बाजारचे लोक. त्यांत धुळा होता. हा माणदेशाकडचा मेंढपाळ. खतासाठी त्याची मेंढरे सध्या मंडळीच्या शेतात बसवली आहेत. त्याबद्दलचे धान्य न्यायला आला होता.

उपदेशाचा पहिला भाग चांगला झाला. बनाबाईंना झोप लागली, पण ते वयामुळे. दानिएलाच्या उदाहरणाला मागच्या बाकांवर कोणी तरी खोकले. मग बंड्याला आणले. तो थरथरत होता. लांबून ते भक्तीसारखे दिसले असेल. मेजापुढे उभा केला आणि म्हटले, अब्राहामाने आपले लाडके दिले, तसे हे माझे लाडके मी प्रभूला अर्पण करतो. आणि डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थना रिहर्सलमध्ये नव्हती. आपोआप आली. मोह की प्रेरणा, हे तपासले. प्रेरणा. सबंध चर्चने आमेन म्हटले. असा आमेन पाळकसाहेबांना कधी मिळालेला नाही.

मग दाराशी गेलो. काळीज हातात घेतले, हाक मारली. बंड्याने अंडी खाल्ली. कवचासकट. दुसरी हाक मारली. शेंगांची टोपली उपडी केली. तिसऱ्या हाकेला त्याने मान वर केली आणि बाकांमधल्या वाटेने माझ्या दिशेने धावत आला. मी खाली बसून हात पसरले. अर्ध्यावर तो बायकांच्या बाकांकडे वळला आणि सगुणाच्या मांडीवर डोके ठेवून कण्हू लागला.

लोक हसले. मी म्हटले, विश्वासाची वाट वळणाची असते, आणि उपदेश संपवला.

लिलाव सुरू झाला. मानसिंगने सगुणाजवळ जाऊन बंड्याची दोरी हातात घेतली आणि म्हणाला, पयला नग. मी हसलो. म्हटले, अरे, ते उदाहरण होते. तो म्हणाला, मास्तर, मेजापुढं ठेवलं तुमीच, अर्पण केलं म्हणाला तुमीच, आमी समद्यांनी आमेन म्हटलं. आता त्ये देवाचं झालं. त्याला उदाहरन कसं म्हनायचं, तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा.

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, काय न्हाई वो, तुमी एक बोली करा, मी पटाकदिशी तीन वार म्हनतो. इषय संपला. घिऊन जावा.

मी विचार केला. अर्पणातला हिस्सा मागे ठेवणारा हनन्या प्रेषितांसमोर जागच्या जागी मरून पडला. शिवाय सबंध मंडळी माझ्याकडे बघत होती आणि निवड आठ दिवसांवर आली होती. मी उठून मोठ्याने सांगितले, की देवाला दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याने पुन्हा बोली करणे मला मान्य नाही. ती वस्तू माझ्या घरात परत येणार नाही. माझा आवाज मलाच भारदस्त वाटला. दोघातिघांनी माना हलवल्या.

मानसिंग म्हणाला, बरं, मग कोन बोलतंय?

सगुणा उभी राहिली. बावीस वर्षांत ती चर्चमध्ये गाण्याखेरीज बोललेली नाही. तिने बोली केली. अंडी विकून आणि शिवण करून तिने काही साठवले आहे, हे मला तिथे कळले. मानसिंग घाईने म्हणाला, एक वार, दोन वार, आणि मी पुन्हा उभा राहिलो. म्हटले, पती आणि पत्नी एक देह आहेत, तिची बोली ही माझीच बोली ठरते, ती धरू नये.

मानसिंग तिसरा वार म्हणायचा थांबला. मग तिला विचारले, वैनी? ती खाली बसली.

आता कोणी तरी बंड्याला घेईल आणि रीतीप्रमाणे आमच्या अंगणात आणून सोडेल, याची मी वाट पाहू लागलो. सगळ्यांकडे पाहिले. जो तो आपल्या गुडघ्यांकडे पाहत होता. तुमी परत घेनार न्हाई म्हनला न्हवं, असे कोणी तरी मागून म्हणाले. मग दारातून धुळाने बोली केली. एक वार, दोन वार, तीन वार.

पुढचा नग भोपळा. भोपळ्याला जास्त बोली आली. भोपळा मोठा होता, हे मान्य.

घरी येऊन तीन तास झाले. सगुणा अजून आलेली नाही. चूल पेटलेली नाही. काळीज खिशात होते, त्याचे काय करावे ते कळेना. मांजराला टाकले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

शांतपणे विचार करता, मी जे केले ते अब्राहामापेक्षा मोठे आहे. त्याला शेवटी मुलगा परत मिळाला. सगुणाला हे सांगितले. ती म्हणाली, अब्राहामाने सारेला विचारलं होतं का? सारा ही त्या मुलाची आई. तिला विचारल्याचा शास्त्रात उल्लेख नाही. तिचा प्रश्न चांगला होता. तसे तिला म्हटले. ती उठून आत गेली.

रविवार, २४ नोव्हेंबर

निवड झाली. चिठ्ठ्या टाकून. मला एक. बाकी सगळ्या मानसिंगला.

स्वतःला मत द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. चिठ्ठीवर खूण करताना वाटले, खोटी नम्रता हेही पापच. म्हणून दिले. म्हणजे सगुणाचे मत मानसिंगला गेले. तिला चिठ्ठीवर खूण करायची सवय नाही, नावे जवळजवळ लिहिली होती.

मानसिंगचे अभिनंदन केले. तो म्हणाला, मास्तर, ते ऱ्हाऊ द्या, वैनींशी बोला जरा. मी म्हटले, आमचे रोज बोलणे असते. आज सकाळीच ती म्हणाली, पाणी तापलंय.

रविवार, १ डिसेंबर

मेंढरे अजून मंडळीच्या शेतातच आहेत. शेत चर्चच्या पलीकडे, दहा मिनिटांवर. बंड्या इतक्या जवळून परत आला नाही, याचा अर्थ धुळाने त्याला बांधून ठेवले असणार. दोरी सुटली की येईल. म्हणून फाटक उघडे ठेवतो. काल एक शेळी येऊन शेवंती खाऊन गेली.

तो स्वतःच्या पायांनी आला, तर मी परत घेतला असे होत नाही. या मुद्द्यावर माझी खात्री झाली आहे. उपदेशाचा दुसरा भाग यातून निघेल.

सगुणा रोज दुपारी टोपली झाकून बाहेर जाते. मंडळीच्या आजाऱ्यांना भेटत असावी. यंदा आजारी पुष्कळ दिसतात.

गुरुवार, ५ डिसेंबर

शाळा सुटल्यावर सहज शेताकडे गेलो. बंड्या बांधलेला नव्हता.

सगुणा तिथे होती. धुळाच्या बायकोशेजारी बसली होती आणि बंड्याचे डोके तिच्या मांडीवर. मला पाहून बंड्या उठला आणि गुरगुरला. धुळा म्हणाला, गप रं, पावनं हायती. मग मला म्हणाला, बाई रोज येत्यात. तुमी पयल्यांदाच.

मी विचारले, इथे आल्यापासून हा कधी आमच्या घराच्या दिशेने बघत बसतो का? धुळा म्हणाला, न्हाई बा. वाटंकडं बघतोय बाईंच्या येळंला. एरवी भाकरीकडं.

त्याने शीळ घातली. बंड्या बसला. दुसरी घातली, उठला. मी त्याला म्हटले, की याचा पाया मी घातला आहे. धुळा म्हणाला, आसंल की. आंगावर वळ बी दिसत्यात. त्याच्या बोलण्यात आकस नव्हता. त्याने मला चहा दिला. बकरीच्या दुधाचा. घ्यावा की नाही असे झाले, पण घेतला.

परत येताना सगुणाला म्हटले, बरोबर जाऊ. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. झालो.

रविवार, ८ डिसेंबर. दुपारी.

धुळा आज मेंढरे घेऊन उंब्रजकडे सरकला. जाताना बंड्याला सगुणाच्या हाती देऊन गेला. म्हणाला म्हणे, ह्याचं ध्यान मेंढरात न्हाई, वैनी, तुमच्यातच हाय. ठिवून काय करू? न्या. पैसेही घेतले नाहीत.

ती बंड्याला घेऊन फाटकापाशी आली. मला खरोखर आनंद झाला. अब्राहामाला मुलाऐवजी पुरवला तसा प्रभूने शेवटी मेंढा पुरवला, असेच वाटले. म्हटले, ये, ये. दार उघडे धरले.

ती आत आली नाही. म्हणाली, देवाला दिलेली वस्तू ह्या घरात परत येणार नाही, असं तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मी म्हटले, हो, पण आता परिस्थिती निराळी आहे, यावर विचार करता येईल. ती म्हणाली, नको. तुम्ही विचार करायला लागलात की त्याला उपास घडतो.

दोरी फाटकाला बांधून ती आत गेली. ट्रंक घेऊन बाहेर आली. तयार होती असे दिसले. मी विचारले, कुठे? ती म्हणाली, त्याला दुसरं घर बघायला हवं ना. आणि मीही अर्पणच झाले होते त्या दिवशी, एक देह म्हणालात तेव्हा.

तर्क सदोष आहे. कुठे सदोष आहे ते सांगेपर्यंत ती वळणावर गेली होती. बंड्या पुढे, ट्रंक डोक्यावर.

बहुधा सांगलीला भावाकडे. एस.टी.त कुत्रा घेत नाहीत, तेव्हा संध्याकाळपर्यंत परत येईल.

गुरुवार, १२ डिसेंबर

सगुणा सांगलीला भावाकडे आहे. गुडघ्यावर इलाज चालू आहे. पाळकसाहेबांना, हेडमास्तरांना आणि दुकानात तसे सांगितले. तिचा गुडघा दुखतो असे ती एकदा म्हणाली होती, म्हणून हे असत्य नाही. पाळकसाहेब म्हणाले, सांगलीला? मी म्हटले, हो. ते बराच वेळ खोकले. त्यांचा घसा अजून बरा नाही.

भाकरी जमत नाही. कडा जळतात आणि मधोमध कच्ची राहते. पाव आणतो.

गुरुवार, १९ डिसेंबर

दुकानात बनाबाई भेटल्या. दोन माणसांचा बाजार करत होत्या, वर खाटकाकडची हाडे. म्हातारपणी काही जणांची भूक वाढते. त्यांनी विचारले, मास्तर, वैनींचा गुडघा काय म्हनतोय सांगलीचा? मी म्हटले, उतार आहे. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, आणि दुकानदाराकडे बघून हसल्या. दुकानदारही हसला. लोकांना दुसऱ्याच्या आजारात काय हसू येते, कळत नाही.

नाताळाचा संकल्प. सगुणा आली की प्रार्थना देशापाशी थांबवायची. शाल बंड्याला द्यायची. बारा धड्यांचे सात करायचे.

बुधवार, २५ डिसेंबर. सकाळी.

नाताळची प्रभातफेरी पहाटे आमच्या गल्लीत आली. ही फेरी मंडळीतल्या प्रत्येक घरी थांबते, दारात एक गाणे म्हणते, घरचे लोक चहा आणि करंज्या देतात. यंदा मी बिस्किटे आणून ठेवली होती. पुढे मानसिंग, हातात कंदील. तो वडील झाला आणि यंदा फेरी वेळेवर निघाली.

गाणे सुरू झाले तेव्हा बायकांतला एक आवाज ओळखीचा वाटला. बावीस वर्षे रविवारी तो माझ्या डाव्या हाताच्या बाकांवरून येत असे, गेले दोन रविवार आला नव्हता. कंदील हलला तेव्हा दिसली. बनाबाईंच्या शेजारी उभी होती, त्यांचेच जुने स्वेटर अंगात. चांगली दिसत होती. गुडघ्याचे काही दिसले नाही.

सगळ्यांना माहीत होते. कोणाच्या तोंडावर आश्चर्य नव्हते. दोन आठवडे मी साऱ्या गावाला सांगली सांगत होतो, आणि ती चर्चच्या मागच्या खोलीत होती. इथून हाकेच्या अंतरावर.

गाणे संपल्यावर आमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे सर्वांनी सलाम केला. तिनेही केला. इतरांना करते तसाच, मान किंचित लववून. मी म्हटले, चहा टाकतो. मानसिंग माझ्याकडे न बघता म्हणाला, न्हाई मास्तर, आजून लय घरं हायती. बिस्किटे एका ताटात होती. ती कोणी घेतली नाहीत. ताट घेऊन मी फाटकापर्यंत गेलो. बनाबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, तुमास्नी न्याहारीला हुतील.

फेरी पुढे गेली. पुढच्या घरी करंज्या होत्या, वास आला.

बंड्या सर्वांत मागे होता. मी हाक मारली. हळूच, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. तो थांबला नाही. पण त्याचा उजवा कान हलला. हे मी स्पष्ट पाहिले. माशी बसली असेल असे कोणी म्हणेल. पण डिसेंबरात इतक्या पहाटे माशा नसतात.